मिलिटरी सॅक घेताना: दुकानात काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे पाठीवर पिठ्ठू बांधून पळणारे जवान इथल्या माणसाला लहानपणापासून दिसतात. त्यामुळे मिलिटरी सॅकचं वेडही इथे जरा जास्तच. भरतीची तयारी करणारी खानापूर-चंदगडकडची पोरं, रविवारी गड हिंडणारे, उद्यमबागेत शिफ्टला जाणारे, पुण्याला कॉलेजला निघालेले, सगळ्यांनाच ती जाड कापडाची, चारी बाजूंनी पट्टे असलेली सॅक हवी असते. बाजारात ती शेकड्यांनी लटकलेलीही असते. त्यातल्या बऱ्याच सॅक दुसरा पावसाळा पाहत नाहीत.

दुकानदार सगळ्यात आधी कापड दाखवतो. चिमटीत धरून ओढतो, 'मिलिटरी ग्रेड आहे साहेब' म्हणतो. हे शब्द कुणीही छापू शकतो, त्यामागे कुठलं प्रमाणपत्र असावं लागत नाही. आणि खरं सांगायचं तर सॅक कापडापायी क्वचितच निकामी होते. आधी खांद्याचा पट्टा मुळातून उसवतो, नाहीतर चेन जाते, नाहीतर कापडाच्या आतला पाणी अडवणारा लेप सुटून सगळं चिकट होतं. म्हणून तपासायचा क्रमही तोच ठेवा. जे आधी तुटतं ते आधी बघा, कापडाकडे शेवटी या.

त्याआधी: किती लिटरची?

हे दुकानात ठरवायचं नाही, घरून ठरवून जायचं. रोजचा डबा, पाण्याची बाटली, रेनकोट आणि एखादा शर्ट एवढंच असेल तर २५ ते ३० लिटर भरपूर झाले. दोन रात्रींच्या मुक्कामाला ३५ ते ४५. त्याच्यावर फक्त तंबू आणि स्वयंपाकाचं सामान घेऊन फिरणाऱ्यांनी जावं. मोठी घेतली तर रिकामी राहील असं वाटतं, पण रिकामी जागा कुणी रिकामी ठेवत नाही. साठ लिटरची सॅक घेतलेला माणूस तीन किलो जास्त सामान भरतोच, आणि मग पाठ दुखली की सॅकला शिव्या घालतो.

विमानाने जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. देशांतर्गत प्रवासात केबिनमध्ये साधारण ७ किलोची मर्यादा असते. जाड कापडाची मोठी मिलिटरी सॅक रिकामीच दोन किलोच्या घरात जाते. सांबऱ्याच्या विमानतळावर काउंटरला वजन झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

भरतीवाल्या पोरांसाठी वेगळं सांगायला हवं. अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धावायचं असतं ते मोकळ्या अंगाने, पाठीवर वजन नसतं. निवड झाली की किट पलटणच देते. त्यामुळे 'भरतीसाठी' म्हणून महागडी टॅक्टिकल सॅक घ्यायची काही गरज नाही. तेवढ्या पैशात चांगले बूट घ्या. वजन घेऊन सराव करायचाच असेल तर पाच किलोने सुरुवात करा आणि चाला, पळू नका. वाळू भरणार असाल तर ती बंद पिशवीत घालून टॉवेलमध्ये गुंडाळा आणि सॅकमध्ये वर, पाठीला लागून ठेवा. तळाशी ठेवलेली वाळू प्रत्येक पावलाला कंबरेवर आदळते.

पायरी १: सॅक उघडा आणि आतून बघा

बाहेरून सगळ्याच सॅक छान दिसतात. सगळ्या चेनी उघडा, आतली बाजू बाहेर काढता येईल तेवढी काढा आणि उजेडात धरा. शिवणीच्या पलीकडे कापडाची माया किती सोडली आहे ते पाहा. सेंटिमीटरभर माया हवी आणि तिच्या कडा पायपिंगने झाकलेल्या हव्यात. नायलॉन-पॉलिस्टरच्या कापलेल्या कडेतून धागे सुटत जातात. माया कमी आणि कडा उघड्या असल्या की वर्षभरात धागे सुटत सुटत शिवणीपर्यंत येतात आणि टीप शाबूत असूनही कापड तिच्यातून निसटतं. हे झालं की दुरुस्तीलाही जागा उरत नाही, कारण शिवायला कापडच नसतं.

आता खांद्याच्या पट्ट्याचं मूळ. पट्टा पाठीच्या वरच्या कडेत जिथे घुसतो ती जागा दोन्ही हातांनी पकडा, अंगठे शिवणीच्या दोन बाजूंना ठेवा आणि ओढा. नीट बघा. सुईची भोकं उघडून त्यातून उजेड दिसायला लागला तर सॅक तिथेच खाली ठेवायची. चांगल्या सॅकमध्ये पट्टा शिवणीत नुसता दाबलेला नसतो. त्याच्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप असते, किंवा बारटॅक असते. बारटॅक म्हणजे जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्याला असते ती दाट आडवी-तिडवी टीप. पट्ट्याचं खालचं टोक, म्हणजे नवार जिथे सॅकच्या तळाच्या कोपऱ्यात शिरते, तिथेही हेच बघा. बऱ्याच ठिकाणी त्या कोपऱ्यात कापडाचा एक त्रिकोणी तुकडा लावून नवार त्यात शिवलेली असते. असा त्रिकोण असला तर ताण एका रेघेवर न येता पसरतो.

टाके मोजायचेही असतात. जाड कापडाला इंचात साधारण सहा ते दहा टाके पुरतात. विरळ असले तर सुटतात, पण फार दाट असले तरी चांगलं नाही. सुईच्या भोकांनी कापडाला चिरायची रेघच आखून दिल्यासारखं होतं. दोराही बोटाने चाचपून बघा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो, नायलॉन किंवा पॉलिस्टरचा गुळगुळीत, थोडा चकाकणारा दोरा हवा.

वरची मूठ विसरू नका. सॅक पाठीवर असताना पट्ट्यांना बसतात त्यापेक्षा जास्त झटके मुठीला बसतात. बसच्या रॅकवर टाकताना, खाली ओढताना, टपावरून झेलताना सगळे मूठच धरतात. मुठीची दोन्ही टोकं शिवणीच्या आतपर्यंत गेलेली असावीत. नुसती वरून चिकटवल्यासारखी शिवलेली असली तर ती आधी जाणार.

पायरी २: चेन

चेनीच्या रनरच्या मागच्या बाजूला आकडा असतो, ५, ८ किंवा १०. बंद केलेल्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर असते. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबर हवा, ५ नंबर बाहेरच्या छोट्या खिशाला चालतो. मुख्य कप्प्याला ५ नंबर लावलेली 'मिलिटरी' सॅक मी तरी घेणार नाही, बाकी सगळं कितीही चांगलं असो.

दातांचे दोन प्रकार तुम्हाला दिसतील. एकात नायलॉनची बारीक गुंडाळी असते, तिला कॉइल म्हणतात. दुसऱ्यात प्लास्टिकचे सुटे जाड दात ओतलेले असतात. जाड दात दिसायला मजबूत वाटतात आणि धुळीतही बरे चालतात, पण एक दात गेला की सगळी चेन बदलावी लागते. कॉइलची चेन वळणावर नीट फिरते आणि मध्येच उसवली तर रनर मागे-पुढे केला की बहुतेक वेळा परत जुळते. सॅकसाठी जाड कॉइलच बरी. चेन बंद करूनही मागून उघडत असेल तर समजा रनरचं तोंड सैल झालंय. पकडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबलं की काही महिने निघतात, नाहीतर नुसता रनर बदलून मिळतो. चेन फेकायची गरज नसते.

वायकेके ही १९३४ साली सुरू झालेली जपानी कंपनी, आणि तिचं नाव रनरवर असणं ही चांगलीच खूण. पण नाव कोरायला फार कला लागत नाही, नकली रनरही भरपूर आहेत. म्हणून नावाबरोबर हातही वापरा. सॅक गच्च भरून घ्या, दुकानातल्या दुसऱ्या पिशव्याच कोंबा आत, आणि कोपऱ्यावरून चेन एका हाताने दहा वेळा फिरवा. तिथे अडकली तर लाल मातीत आणखी अडकेल. आपल्याकडची उन्हाळ्यातली बारीक धूळ चेनीचा खरा शत्रू आहे. ती रनरमध्ये बसून दात घासत राहते.

पायरी ३: बक्कल आणि नवार

बक्कल लावून काढा, पाच-सहा वेळा. 'टक्' असा स्वच्छ आवाज यायला हवा आणि दाबल्यावर बाजूचे काटे वाकून लगेच जागेवर यायला हवेत. हलक्या प्लास्टिकचं बक्कल एका उन्हाळ्यात पांढुरकं होऊन चिरतं. चांगली बक्कलं एसिटल नावाच्या कडक प्लास्टिकची असतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बक्कल तुटलं तर बदलता येईल का? नवार ज्याच्याभोवती फिरते त्या दांड्याला बारीक फट असेल तर ते न उसवता काढून नवीन लावता येतं. शिवून टाकलेलं असेल तर शिवण उसवावी लागते. दांडा सलग असेल तर घासाघीस करा किंवा सॅक सोडा.

नवारीची घसरण तपासायला खांद्याचा पट्टा घट्ट करा आणि खाली झटका द्या. दोन-तीन झटक्यांत सैल होत असेल तर भरल्या सॅकने गडावर दर पाच मिनिटांनी पट्टा ओढत बसाल.

पायरी ४: आता कापड, आणि आपला पाऊस

डेनिअर हा शब्द सगळे फेकतात. ९,००० मीटर सुताचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. म्हणजे आकडा सुताची जाडी सांगतो, मजबुती नाही. ६०० डेनिअरचं स्वस्त पॉलिस्टर आणि ५०० डेनिअरचं चांगलं नायलॉन शेजारी ठेवलं तर घासण्यात नायलॉन जास्त टिकतं, आकडा कमी असूनही. उन्हात मात्र पॉलिस्टर बरं, नायलॉन उन्हाने लवकर थकतं. कॉर्ड्युरा हा इन्व्हिस्टा या अमेरिकन कंपनीचा नोंदणीकृत ब्रँड आहे. मूळ कापड महाग असतं, त्यामुळे हजार-बाराशेच्या सॅकवर कॉर्ड्युरा लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे जा.

१००० डेनिअर घ्यावं की ५००? माझं मत सरळ आहे. काटेकुट्यातून, दगडांवरून रोज ओढायची नसेल तर ५०० डेनिअर नायलॉन आणि तळाला दुहेरी किंवा जास्त जाड कापड. हजार डेनिअरचं वजन तुम्ही रोज वाहता, फायदा क्वचित मिळतो. तळ मात्र खरोखर घासतो. मोटरसायकलवर मागे बसलात की सॅकचा तळ सीटवर किंवा कॅरिअरवर टेकतो आणि खड्ड्याखड्ड्याला घासतो. (सायलेन्सरला लागली तर कितीही डेनिअर असो, वितळणारच.)

आता लेप. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. नवा असतो तेव्हा गुळगुळीत, मंद चकाकणारा. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की हा थर विघटन पावतो. आधी कुबट वास, मग चिकटपणा, मग पापुद्रे. जांबोटी-कणकुंबीकडे तरण्या-म्हाताऱ्या पावसात घरातल्या भिंतीही ओल्या असतात, तिथे माळ्यावर घडी घालून ठेवलेल्या सॅकचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. दुकानातही जुना माल असू शकतो. नखाने आत हलकं खरवडा. पांढरी पूड किंवा साल निघाली, किंवा दोन थर एकमेकांना चिकटल्यासारखे वाटले, तर सवलत कितीही असो, नको.

आणि एक गैरसमज. लेप चांगला असला तरी सॅक जलरोधक होत नाही. पाणी येतं ते सुईच्या भोकांतून आणि चेनीतून. वर रेन कव्हर घातलं तरी पाठीच्या बाजूने पाणी झिरपतंच, शर्टावरून ओघळत थेट पाठीच्या गादीत जातं. यावरचा उपाय स्वस्त आहे: खताच्या पोत्यात आत जी जाड प्लास्टिकची पिशवी असते तशी, पण नवी, न वापरलेली पिशवी सॅकच्या आत घालायची, सामान तिच्यात भरायचं आणि तोंडाला पीळ देऊन दुमडायचं. चोर्ला घाटात दिवसभर झड लागली तरी आतला शर्ट कोरडा राहतो. तळाला पाणी निघून जायला छोटी धातूची रिंग असलेलं भोक असेल तर उत्तम, नसेल तर साठलेलं पाणी तुम्ही घेऊन चालता.

जुन्या कॅनव्हासच्या पिठ्ठूचं काहींना प्रेम असतं. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश सैन्याचं १९३७ पॅटर्नचं सामान सुती कॅनव्हासचंच होतं. कोरड्या मुलखात ते आजही छान. आपल्याकडे पावसाळ्यात कॅनव्हास भिजून जड होतो, चार-चार दिवस वाळत नाही आणि काळी बुरशी धरतो. कमी पावसाच्या निपाणी-चिकोडीकडच्यांना चालेल, खानापूरच्या पश्चिमेला नाही.

पायरी ५: पाठ आणि कंबर

मान खाली घाला, मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथून, कंबरेच्या हाडांवर दोन्ही हात ठेवून अंगठे मागे नेले की जी रेघ होते तिथपर्यंत कुणाकडून तरी टेपने मोजून घ्या. ही तुमच्या पाठीची लांबी. सॅकचे खांद्याचे पट्टे ते कंबरपट्टा हे अंतर तिच्याशी जुळायला हवं. उंचीवरून अंदाज बांधू नका. सहा फुटी माणसाचीही पाठ आखूड असते.

दुकानात आठ-दहा किलो वजन भरून मागा. कुरकुर केली तरी मागा. कंबरपट्टा कंबरेच्या हाडावर, पोटावर नाही. तो आवळल्यावर खांदे हलके व्हायला हवेत. मागे प्लास्टिकची पातळ पाटी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी नसेल तर वजन कंबरेवर उतरतच नाही, सॅक मध्येच मोडते. दहा किलोच्या पुढे नियमित वाहणार असाल तर ही पाटी हवीच. रोज बसने आणि बाइकने फिरणाऱ्यांना मात्र जाड कंबरपट्टा म्हणजे नुसती अडचण. काढून ठेवता येणारा घ्या.

मोले पट्टे, रंग आणि कायदा

बाहेरच्या आडव्या पट्ट्यांना मोले म्हणतात. अमेरिकन सैन्याने १९९७ च्या सुमारास ही पद्धत आणली. पट्टा एक इंच रुंद, दोन ओळींत एक इंच अंतर, आणि दर दीड इंचावर शिवण, असं माप असतं. स्वस्त सॅकमध्ये पट्टे नुसते शोभेला, दोन टोकांना शिवलेले असतात. त्यात पाउच अडकवला की लोंबतो. पण आधी स्वतःला विचारा, पाउच लावणार आहात का? गर्दीच्या वायव्य कर्नाटकच्या बसमध्ये बाजूला लटकणारे पाउच दांड्यात, दुसऱ्याच्या ओढणीत, कुठेही अडकतात. नऊ जणांना पट्टे लागतच नाहीत, दहाव्याला लागतात.

रंगाबद्दल जरा गंभीरपणे. भारतीय सैन्याचा नवा डिजिटल कॉम्बॅट गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी समोर आला. निफ्ट या फॅशन संस्थेच्या मदतीने तयार झालेल्या त्या नक्षीची सैन्याने नोंदणी करून घेतली आहे, ती खुल्या बाजारात विकायला परवानगी नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकासारखा पोशाख किंवा खूण वापरली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसती हिरवी सॅक घेणं गुन्हा नाही, हेतू महत्त्वाचा. पण छावणीच्या गावात सैन्याच्या नक्षीची सॅक आणि वर पलटणीचा बिल्ला लावून हिंडायचं कशाला? साधी ऑलिव्ह, मातकट किंवा काळी घ्या. आणि गडद सॅकवर रेन कव्हर भडक रंगाचं ठेवा. पावसाळी संध्याकाळी पुणे-बंगळूर हायवेच्या कडेने चालताना किंवा बाइकवर मागून येणाऱ्याला तेवढंच दिसतं.

ऑनलाइन घेत असाल तर

चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: रिकाम्या सॅकचं वजन, मुख्य कापड आणि तळाचं कापड वेगवेगळं, चेनीचा नंबर, पाठीच्या पाटीचा उल्लेख. आतल्या शिवणीचा एकही फोटो नसेल तर सोडून द्या. पार्सल आलं की टॅग न काढता घरातच वजन भरून तासभर वावरा आणि वरच्या सगळ्या पायऱ्या करा, परतीची मुदत संपायच्या आत.

ठेवायची ठरली की मग खरी परीक्षा. दहा किलो भरून येळ्ळूरचा राजहंसगड चढून उतरा. खांद्यावर वळ कुठे उठला, कुठली पट्टी घसरली ते तिथे कळतं. घरी आल्यावर सॅकमध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरा, चेनी बंद करा आणि न्हाणीघरात शॉवरखाली दहा मिनिटं धरा. बोळे काढून बघा. जिथला कागद ओला तिथून पाणी येतं. पुढे मोबाइल आणि कागदपत्रं त्या कोपऱ्यात ठेवायची नाहीत.

निगा आणि दुरुस्ती

वॉशिंग मशीनमध्ये कधीच घालू नका. गार पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, सावलीत उलटी टांगून वाळवणं. चेनीवरची माती आधी कोरड्या ब्रशने काढा, मग पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवा. तेल नको, ते धूळ धरतं. उद्यमबागेत काम करणाऱ्यांनी सॅक मशीनजवळ जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगावी, तेलाचा डाग कापडातून जाता जात नाही. पावसाळ्यात न वापरता ठेवायची असेल तर सगळ्या चेनी उघड्या ठेवून, घडी न घालता, वारा लागेल अशी टांगा. आठवड्यातून एकदा आत हात घालून बघा.

शिलाई उसवली तर साध्या शिंप्याकडे नेऊ नका, त्याची सुई मोडेल आणि तो कपड्याचाच दोरा वापरेल. गाड्यांची सीट कव्हर शिवणारे असतात, त्यांच्याकडे जाड मशीन आणि नायलॉनचा दोरा असतो. त्यांना पट्ट्याच्या मुळाशी चौकोन-फुलीची टीप मारायला सांगा आणि उभे राहून करून घ्या. दरवर्षी मृग लागायच्या आधी ते मूळ एकदा ओढून बघायचं. धागा सुटलेला दिसला तर त्याच आठवड्यात शिवून घ्यायचा, कारण एकदा कापड मायेपासून फाटत गेलं की सीट कव्हरवालाही हात लावत नाही.